तिन्ही गोष्टींत नसलेला माणूस

१

"मॅडम, रजिस्टर गेलं," ज्ञानेश्वर वाणी फोनवर म्हणाले.

शुक्रवारची सकाळ होती आणि मी जळगावच्या घरी वरणाला फोडणी देत होते. मोहरी तडतडत असताना कोणी सरकारी आवाजात बोलायला लागलं की माझी फोडणी करपते, हा जुना अनुभव. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "रजिस्टर जात नसतं, वाणीसाहेब. कोणाच्या तरी सोयीच्या जागी जाऊन बसतं. कुठलं रजिस्टर?"

"हिवरटेक धरणाचं. अठरा वर्षांपूर्वीच्या पोळ्याच्या दिवसाचं."

मग मात्र मी खाली बसले.

आधी माझ्याविषयी सांगते. मी दिपमाला बोरसे. सरकारच्या बातम्या लिहिण्याच्या नोकरीत एकतीस वर्षं काढली. रस्त्यावर दोन ट्रॅक्टर मुरूम पडला की मी 'दळणवळणाला गती' असं लिहायची, आणि तो मुरूम पावसात वाहून गेला की काहीच लिहायची नाही. हरवलेल्या फाइली शोधून काढण्याबद्दलही माझं थोडं नाव होतं. त्यात जादू काही नव्हती. कागदापेक्षा कागदाला घाबरणारा माणूस शोधणं सोपं असतं, एवढंच.

हिवरटेक धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्यापासून तासाभरावर. धरणाच्या खाली दोन किलोमीटरवर त्याच नावाचं गाव आहे. अठरा वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी दुपारी धरणाचं पाणी गावात शिरलं. माणसं गेली, बैल गेले. त्यानंतर तिथल्या वही मंडळाच्या तोताराम आबांनी एक वही रचली. वही म्हणजे आमच्या खान्देशात डफावर म्हणतात ती गाणी. तिचं पालुपद अजून धुळ्या-जळगावच्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे:

साहेब घोरे बंगलामा,
पानी शिरनं आंगनमा.

म्हणजे साहेब बंगल्यात घोरत पडला आणि पाणी अंगणात शिरलं. कोणी इशारा दिला नाही, कोणी भोंगा वाजवला नाही. सरकारनं पुढे चौकशी केली, अहवाल छापले, पण गाण्यापुढे अहवाल कोण वाचतो?

"गाणं जुनं झालं, हे ठीक होतं," वाणी म्हणाले. ते धरणाचे उपविभागीय अभियंता, वर्षभरापूर्वी बदलून आलेले. "पण गेल्या महिन्यात आम्ही तीन दरवाजे उघडले. तीनदा भोंगा दिला. गावातलं एक माणूस उठलं नाही, मॅडम. लोक ओट्यावर बसून टाळ्या वाजवत तेच गाणं म्हणत होते. अकरा बायका नदीत कपडे धुत होत्या, त्या खडकावर अडकल्या. होडी पोचली म्हणून वाचल्या. पुढच्या वेळी पोचेलच असं नाही."

मंगळवारी कार्यालयात जुन्या गठ्ठ्यांत ते मूळ रजिस्टर सापडलं होतं. त्यात नोंद होती: दरवाजे उघडण्याआधी दोन तास गावाला निरोप दिला होता. येत्या बुधवारी गावात कार्यक्रम घेऊन ते लोकांना दाखवायचं ठरलं. ठरलं गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी रजिस्टर गायब.

"सोमवारी संध्याकाळी मला पोलिसात तक्रार द्यावीच लागेल," वाणी म्हणाले. "आणि मग गाण्यात एक कडवं वाढेल. सरकारनं स्वतःच रजिस्टर खाल्लं म्हणून."

फोन ठेवून मी कपाटातून माझी जुनी कात्रणं काढली, कारण त्या पुराची सरकारी बातमी मीच लिहिली होती.

२

शनिवारी सकाळच्या गाडीनं शिंदखेड्याला उतरले. वाणींनी जीप पाठवली होती. धरणावरचं कार्यालय म्हणजे तीन खोल्या, एक कडुनिंब आणि पाण्याकडे तोंड केलेल्या चार खुर्च्या. पावसाळ्यात धरणाला शनिवार-रविवार नसतो, त्यामुळे सगळे हजर होते. सगळे म्हणजे वाणी आणि शाखा अभियंता प्रज्ञा मॅडम.

प्रज्ञा सव्वीस-सत्तावीसची असेल. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली. बोलणं मोजकं, नीट, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढल्याचं तिनं सांगितलं. खांद्याला डब्याची मोठी कापडी पिशवी. बसतानाही तिनं ती मांडीवर घेतली.

"गुरुवारी काय झालं ते सांगा," मी म्हटलं.

वाणींनी सांगितलं. रजिस्टर प्रज्ञालाच सापडलं होतं, मंगळवारी. अक्षर पेन्सिलीचं आणि पुसट, म्हणून तिनं ते वाचून स्वच्छ टाइप केलं आणि साहेबांना प्रत दिली. गुरुवारी तीन वाजता बैठक झाली. तिला चौघे होते: वाणी, प्रज्ञा, त्या दिवशी धरणाचे दरवाजे उघडणारे निवृत्त कर्मचारी झुलाल नाना, आणि चक्क तोताराम आबा.

"आबांना कशाला बोलावलं?"

"म्हटलं, ज्यानं गाणं रचलं त्यालाच नवं गाणं रचायला सांगू. काट्यानं काटा," वाणी थोडे ओशाळून म्हणाले.

"आणि मूळ रजिस्टर तुम्ही वाचलंत?"

"चाळलं. प्रत होतीच की. खरं सांगू, मला चष्मा लागलाय आणि मी तो लावत नाही."

बैठकीत आधी ठरलं होतं ते असं, की टाइप केलेला कागद मोठा करून फलकावर लावायचा. मग झुलाल नाना म्हणाले की टाइप केलेलं कोण मानतो, अस्सल वही दाखवा. वाणींना ते पटलं. रजिस्टरच काचेच्या पेटीत ठेवून गावासमोर मांडायचं, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, असं त्यांनी जाहीर केलं. त्यानंतर चहा झाला. चहा होईपर्यंत रजिस्टर टेबलावर होतं. मग प्रज्ञानं ते लाल कापडात बांधून कपाटात ठेवलं. शुक्रवारी कापड सोडलं तर आत कालव्याच्या पाळीपत्रकाचं रजिस्टर, तेवढ्याच जाडीचं.

"कपाटाची किल्ली?"

"खिळ्याला," दोघे एकदम म्हणाले. सरकारी कपाटाची किल्ली खिळ्यालाच असते. मी पुढे विचारलं नाही.

मी ती टाइप केलेली प्रत मागितली. एक पान. तासातासाची पाण्याची पातळी, आणि उजवीकडे शेरा. सकाळी दहा चाळीसपुढे लिहिलं होतं: 'दुपारी दरवाजे उघडणार. गावास फोनने निरोप दिला.' खाली प्रत करणाऱ्याची सही, तीन आद्याक्षरं आणि शिक्का.

"बाकी काही होतं का या ओळीत?" मी सहज विचारलं.

"नाही," प्रज्ञा म्हणाली. उत्तर जरा लवकर आलं.

३

तोताराम आबांचं घर गावात वरच्या अंगाला, मारुतीच्या पाराजवळ. वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. भिंतीवर डफ, डफाखाली सत्काराच्या शाली. मला पाहून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "ती वही मी नही लिधी, अक्का. माले वाचता कोठे येस?"

"वाचता येत नाही?"

"दुसरी पास. ते बी वशिल्यावर."

मला हसू आलं. माणूस गोड होता, आणि गोड माणसांची मला कामात नेहमी अडचण होते. मी म्हटलं, "आबा, तुमची वही पूर्ण ऐकवा. मोबाइलवर फक्त पालुपद फिरतं."

त्यांनी डफ काढला नाही, मांडीवर बोटांनी ताल धरला. वीसेक मिनिटं मी ऐकत होते. काय गाणं होतं ते! कुठल्या घराची कुठली भिंत आधी पडली, कोणाच्या बैलाची शिंगं हिरवी रंगवलेली होती आणि कोणाच्या बैलाची गुलाबी, पुरणाचं पातेलं कसं तरंगत शाळेपर्यंत गेलं. मग मेलेल्या माणसांची नावं आली. रखमाबाई, तिचा नातू, आणि गोविंदा सुतार. शेवटी पुन्हा साहेब आणि बंगला.

मी एकतीस वर्षांत सरकारची इतकी बदनामी इतक्या सुंदर शब्दांत ऐकली नव्हती. आमच्या शंभर प्रेसनोटी याच्यापुढे पाण्यात. लोकांनी हिच्यावर विश्वास का ठेवू नये? हिच्यात त्यांचे बैल होते. आमच्या बातमीत फक्त घनमीटर होते.

निघताना आबांनी दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, "अक्का, त्या रजिस्टरमा नाव शे का? निरोप कोनले दिधा, तेन्हं नाव?"

"तुम्हाला का हवंय?"

"सहज," ते म्हणाले आणि डफाची धूळ पुसायला वळले.

जीपमध्ये बसून मी पिशवीतून माझी अठरा वर्षांपूर्वीची प्रेसनोट काढली. खाली माझीच सही. 'हिवरटेक येथील पुरात चार व्यक्तींचा मृत्यू झाला. विसर्गाबाबत संबंधितांना पूर्वसूचना देण्यात आली होती.' बस्स.

आबांच्या गाण्यात बैलांच्या शिंगांचे रंग होते. पण मेलेली माणसं तीनच होती.

४

झुलाल नाना शिंदखेड्यात मुलाकडे राहतात. रविवारी सकाळी गेले तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात. अठरा वर्षं या माणसाला लोकांनी 'झोपणारा साहेब' म्हणून ओळखलं होतं, आणि ते साहेबही नव्हते आणि झोपलेही नव्हते. या गाण्यापायी नानांच्या मुलीची सोयरीक दोनदा मोडली, असं सुनेनं पाणी देतादेता सांगितलं.

रजिस्टर दाखवलं जावं असं सगळ्यांत जास्त यांनाच वाटणार. मूळ वही दाखवा हा आग्रहही त्यांचाच होता. त्यांना चोर मानायला माझ्याकडे काही कारण नव्हतं, पण ते काहीतरी सांगत नव्हते.

मी टाइप केलेली प्रत वाचून दाखवली. दहा चाळीसच्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"आसं मी लिखेल नही."

"म्हणजे निरोप दिला नव्हता?"

"निरोप दिधा. पन 'गावले निरोप दिधा' आसं कधी लिखतंस नहीत, बाई. गाव काय फोन उचलस? ज्यानी निरोप लिधा तेन्हं नाव लिखनं पडे. नही ते मोठा साहेब रजिस्टर तोंडवर फेकी दे. पंचवीस वर्स नोकरी करी, एक बी निरोप बिगरनावना लिखेल नही."

मी विचारलं, "त्या दिवशी ग्रामपंचायतीचा फोन कोणी उचलला, नाना?"

आत कोणीतरी ज्वारी निवडत होतं, सुपाचा आवाज येत होता.

"मरेल मानूसले उत्तर देता येत नही," ते शेवटी म्हणाले. "म्हनीसन मी आठरा वर्स बोलनू नही. माले वाटे, सन ना दिवस, दारू पेयेल व्हई, निरोप भूली गया व्हई. आते काय तेन्हं नाव काढानं? तो बी त्याच पानीमा गया."

"पण अस्सल वही दाखवा, असं तुम्हीच म्हणालात ना गुरुवारी?"

"म्हननू. मन्हा नातूनी सोयरीक चालू शे." त्यांनी तोंड फिरवलं. "तवढा मतलबी मी शे."

"नाव, नाना."

"कोतवाल. आमना पितांबर."

कोतवाल म्हणजे गावाचा सरकारी निरोप्या, सरकारातला सगळ्यात खालचा माणूस. चौथा मृत्यू. गाण्यात नाही. माझ्या प्रेसनोटमध्ये 'संबंधित' झालेला. टाइप केलेल्या प्रतीत 'गाव' झालेला. तीन गोष्टी, सांगणारे तिघं, आणि तिघांनीही एकच माणूस गाळलेला.

मी मांडीवरच्या प्रतीकडे पाहिलं. खालच्या सहीत तीन आद्याक्षरं होती आणि आपल्याकडे मधलं अक्षर बापाचं असतं. शिक्का शनिवारीच वाचायला हवा होता, तेव्हा मी वाचला नव्हता. आता वाचला.

प्र. पि. बैसाणे.

५

प्रज्ञा धरणाच्या भिंतीवर पातळी बघत उभी होती. पिशवी खांद्याला. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"तुझ्याकडे आहे," मी म्हटलं. अहो-जाहो आपोआप गळून पडलं.

ती वळली नाही.

"कसं कळलं ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी अंधारात दगड मारला," मी म्हटलं. "निरोप घेणाऱ्याचं नाव लिहायचंच, ही इथली रीत. झुलाल नानांनी ती कधी मोडली नाही. प्रतीत नाव नाही, म्हणजे ते प्रत करताना गेलं. ही मंगळवारची गोष्ट. तोवर चोरी झालीच नव्हती, कारण गरज नव्हती. मूळ वही गठ्ठ्यात परत गेली असती आणि गावानं तुझा कागद वाचला असता. गुरुवारी साहेब म्हणाले की मूळ वहीच काचेत ठेवू. त्या घडीला प्रत कुचकामी झाली आणि चहानंतर कापडात बांधतानाच रजिस्टर बदललं. आबांना वाचता येत नाही, नानांना दिसत नाही, साहेब चष्मा लावत नाहीत. तेवढ्याच जाडीचं दुसरं रजिस्टर कुठे असतं ते एकटी तूच जाणतेस."

"कुठे ठेवलंय तेही कळलं असेल."

"डब्याला एवढी मोठी पिशवी कोणी आणत नाही."

तिनं पिशवीतून रजिस्टर काढलं. ते तिनं कुठेही ठेवलं नव्हतं. घरी ठेवावं तर आई, कार्यालयात ठेवावं तर साहेब. चार दिवस ती ते खांद्याला घेऊन फिरत होती.

"फाडून टाकलं नाहीस."

"सरकारी कागद आहे," ती म्हणाली. "सगळं गाव म्हणतं, कोणी इशारा दिला नाही. अठरा वर्षं म्हणतंय. आणि इथे लिहिलंय की इशारा माझ्या वडिलांना दिला होता. मी तेव्हा आठ वर्षांची. मी आणि आई भुसावळला मामाकडे होतो. म्हणजे त्यांनी निरोप घेतला आणि कोणाला सांगितलाच नाही. तीन माणसं त्यांच्यामुळे गेली, मॅडम. बुधवारी हे काचेत ठेवलं की खातं सुटेल. सगळा दोष बैसाण्यांच्या घरावर येईल. आमच्या वस्तीवर येईल. माझ्या आईनं अजून किती ऐकायचं?"

मला तिची फार दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. 'संबंधितांना' असं लिहिताना मी एकदाही विचारलं नव्हतं की ते कोण.

"तुझा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे," मी म्हटलं. "गाणं खरं आहे, यावर. तू रजिस्टर तपासलंस, गाणं तपासलं नाहीस. अभियंता आहेस ना? मला सांग, कोतवालानं निरोप दाबला असता, तर आबांनी गाण्यात कोणाला झोडपलं असतं?"

तिनं रजिस्टर उघडून ती ओळ काढली.

"गाण्याला दोषी लागतोच. इथे गावातलाच, मेलेला, एकट्या घरचा माणूस फुकट मिळत होता. त्याला सोडून गाणं थेट बंगल्यातल्या साहेबापर्यंत का गेलं? आणि पाण्यात मेलेल्या चौघांतला तो एक, तरी त्याचं नावसुद्धा का नाही? ज्या माणसानं बैलांची शिंगं विसरली नाहीत, तो माणूस विसरेल? नाही. ते नाव आबांना घेववत नाही. का, ते त्यांनाच विचारू."

६

आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा आबा चहा पीत होते. प्रज्ञाला पाहताच त्यांनी बशी खाली ठेवली.

"मी पहिल्याच दिवशी वळखी तुले," ते म्हणाले. "बापना चेहरा शे."

प्रज्ञानं रजिस्टर उघडून ती ओळ वाचली. पेन्सिलीची, पुसट. 'दहा चाळीस. ग्रामपंचायतीत फोन केला. कोतवाल पितांबर यास निरोप दिला. तो म्हणाला, लगेच दवंडी देतो.'

शेवटचं वाक्य मलाही नवीन होतं. तिनं ते चार दिवस पुन्हा पुन्हा वाचलं असणार आणि त्यावर विश्वास ठेवला नसणार, कारण गाण्यात दवंडी नव्हती.

"दिली का त्यांनी दवंडी?" तिनं विचारलं.

आबांची सून दाराशी आली. आबांनी तिला आत जायला सांगितलं नाही.

"पारवर आमनी वही चालू व्हती," ते म्हणाले. "माईक लायेल व्हता, आख्खं वरलं गाव जमेल. पितांबर पळत उना. माले म्हने, आबा, माईक द्या, धरणना निरोप शे, पानी सोडी राह्यनात. मी रंगात व्हतू. मी माईकवरच सांगं, थांब रे, हाई कडवं होऊ दे, तुन्हं धरण कोठे पळी चालनं? लोक हासनात. बठ्ठा गाव हासना, पोरी. दवंडीनं डबडं बी तेन्हं कोनीतरी काढी लिधं, ताल धराले."

"मग?"

"तो थांबना नही. पायीच खालनी आळीमा पळना, बोंब मारत. आम्हीन एक नही, तीन कडवं म्हनी टाकं."

खालच्या आळीत साठ-सत्तर माणसं राहत होती. ती सगळी वर आली. रखमाबाई नातवाला घेऊन देवघरातले टाक आणायला परत फिरल्या, गोविंदा सुतार त्यांच्यामागे गेला, आणि पितांबर त्या तिघांमागे. ते चौघे.

"गाव तवय पन गप्प व्हतं, आते बी गप्प शे," आबा म्हणाले. "कोनले तोंड शे बोलाले? मी वही रचाले बसनू, ते दर खेपले तेन्हं नाव उनं का माईक ये, माईक उना का मी ये. मंग साहेबले बंगलामा निजाडी दिधं. वाटनं, सरकारले शिव्या दिध्यात ते सरकार काय रडत बसत नही."

"खडकावरच्या अकरा बायका रडल्या, आबा," मी म्हटलं. "त्यांतली एक तुमची सून होती ना?"

वाणींकडच्या यादीत तिचं नाव मी वाचलं होतं. दाराशी उभी असलेली सून खाली बघत राहिली. आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बुधवारले मी सांगस," ते आतूनच म्हणाले. "पन गाईसन नही. गान्यामा मन्ही लबाडी सुटी जाई."

७

रविवारी संध्याकाळी प्रज्ञानं स्वतःच वाणींना सगळं सांगितलं. मी बाहेर कडुनिंबाखाली थांबले होते. अर्ध्या तासानं वाणी बाहेर आले, खिशातून चष्मा काढून लावलेला. म्हणाले, "मी टिपणी लिहिली. 'सदर रजिस्टर गुरुवारपासून शाखा अभियंत्यांच्या ताब्यात होते.' खरं आहे ना?"

"अगदी खरं," मी म्हटलं. सरकारी भाषेनं जन्मात एकदा माणुसकी केली होती, तिला मी कशाला नावं ठेवू?

बुधवारी पारासमोर तीनेकशे माणसं जमली. ती रजिस्टरसाठी आली नव्हती, आबा नवी वही म्हणणार म्हणून आली होती. प्रज्ञानं ओळ वाचली. नंतर मी माझी प्रेसनोट वाचली आणि सांगितलं की यातले 'संबंधित' म्हणजे पितांबर बैसाणे, आणि ते नाव मी विचारलं नाही ही माझी चूक. मग आबा उठले. हातात काही नव्हतं. साध्या बोलण्यात त्यांनी सगळं सांगितलं, माईक, हसणं, तीन कडवी. झुलाल नाना पुढच्या रांगेत होते. ऐकताऐकता त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. लोकांना नवं असं काही कळत नव्हतं. एकमेकांच्या देखत ते पहिल्यांदा ऐकत होते, इतकंच.

नर्मदाबाई, म्हणजे प्रज्ञाची आई, सगळ्यात मागे बायकांत बसली होती. अठरा वर्षांत ती या गावात पाऊल टाकायला आली नव्हती. लेकीनं काय आणि कशासाठी ते न सांगता आणली होती, कारण सांगितलं असतं तर ती आली नसती. आबा बोलून खाली बसले तेव्हा ती उठली आणि माणसांतून वाट काढत सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आबांनी हात जोडले. तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मन्ह्या दोन शेळ्या व्हत्यात," ती म्हणाली. "दारमा खुंटाले बांधेल. पानी उतरनं तवय दोरसकटच मरेल सापडन्यात. आठरा वर्स मन्हा मनमा तेच. मानूस शुद्धमा राहता ते शेळ्या सोडाले भूलता का? कोनले बोलता येये ना, लेकले बी सांगं नही. मी मनमा तेले पेयेलच धरी बसेल व्हतू."

प्रज्ञा उठून पुढे आली. तिच्या आईलाही तेच वाटत होतं, अठरा वर्षं, एकाच घरात, एकमेकींना न सांगता.

आबा म्हणाले, "बाई, तो तुमना दारवरथून दोनदा गया. मी आठे कट्टावर उभा राहीसन दखं. दोन्ही खेपले तेन्हा कडवर कोन्हं ना कोन्हं पोर व्हतं. हात मोकळा नव्हता तेन्हा."

बायकांच्या बाजूला एक सत्तावीस-अठ्ठावीसची बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि कोणीतरी हळू म्हणालं, ही त्या कडेवरच्या पोरांतलीच एक. तिला पुढे ढकलावं लागलं नाही. ती आपणहून आली, नर्मदाबाईच्या पाया पडली, आणि दोघी तिथेच मातीत बसल्या.

"कितली मोठी व्हतीस तू?" नर्मदाबाईनं विचारलं.

"चौथीमा."

"मंग जड व्हतीस," नर्मदाबाई म्हणाली आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.